थार उंच केल्यावर मागचे कंट्रोल आर्म : काय घ्यावं, कसं बसवावं

जुन्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) जीपमध्ये गाडीचं वजन पेलायचं कामही पाटेच करायचे आणि मागचं हाउसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारा सलग ॲक्सल) जागेवर धरून ठेवायचं कामही तेच. २०२० पूर्वीची थारसुद्धा मागे पाट्यांवरच होती. २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेल्या नव्या थारमध्ये मागे कॉइल स्प्रिंग आली आणि ही दोन कामं वेगळी झाली. वजन स्प्रिंगवर गेलं. हाउसिंग पुढे-मागे सरकू नये, डावी-उजवीकडे जाऊ नये, स्वतःभोवती फिरू नये, हे बघायला पाच दांडे आले : खाली दोन लोअर आर्म, वर दोन अपर आर्म आणि आडवा एक पॅनहार्ड रॉड. या दांड्यांची लांबी कंपनीने एका ठरावीक उंचीसाठी काढलेली असते. आपण दोन इंचांचा लिफ्ट किट घातला, की उंची बदलते आणि लांबी तीच राहते. बाजारातले ॲडजस्टेबल आर्म घ्यायचे ते एवढ्यासाठीच, की हाउसिंग पुन्हा मूळ जागी आणि मूळ कोनात आणता यावं.

हे सुरुवातीलाच सांगतो, कारण मला विचारला जाणारा पहिला प्रश्न नेहमी ‘कुठले आर्म घेऊ?’ असा असतो. गाडीचं हाउसिंग किती सरकलंय, पिनियनचा (इंजिनची ताकद मागे आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला हाउसिंगशी जोडणारा छोटा दांडा) कोन किती आहे, हे विचारलं तर उत्तर नसतं. मोजमाप नसेल तर कितीही महागडे आर्म घ्या, ते कुठल्या लांबीला लावायचे हेच कळत नाही.

मी स्वतः ही चूक केली आहे. लिफ्ट आणि आर्म एका गॅरेजमध्ये एकाच दिवशी बसवून घेतले. माळशेज घाटातून परतताना सपाट रस्त्याला लागल्यावर ७०–७५ च्या वेगाला पायाखालून घुमल्यासारखा आवाज आणि सीटला बारीक थरथर सुरू झाली. टायर बॅलन्सिंग तीनदा करून घेतलं, एक क्रॉस (प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा सांधा) बदलला, फरक शून्य. शेवटी डिजिटल कोनमापक आणून मीच गाडीखाली गेलो. ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा) मागचा शाफ्ट मागच्या बाजूला ३.२ अंश उतरता होता आणि पिनियनचं नाक ६.५ अंश वर. दोन्ही समांतर हवेत, इथे तीन अंशांहून जास्त फरक. गॅरेजवाल्याने ‘गाडी उंच झाली म्हणजे पिनियन वर करायचा’ या समजुतीने अपर आर्म अंदाजाने लांब केले होते. आर्म चांगले होते. लांबी चुकली होती.

आर्म लागतातच का?

लिफ्ट २५–३० मिलिमीटरचा असेल तर बहुतेक वेळा मागच्या आर्मना हात लावायची गरज पडत नाही. मोजा, फरक थोडा असेल तर पैसे टायरमध्ये घाला. ५० मिलिमीटरला मात्र प्रश्न खरा होतो. आणि तेव्हाही पाचही दांडे एकदम बदलायलाच हवेत असं नाही. माझ्या मते क्रम असा असावा : आधी ॲडजस्टेबल पॅनहार्ड, मग ॲडजस्टेबल अपर आर्म, आणि दगडधोंड्यांत गाडी नेत असाल किंवा हाउसिंग बरंच पुढे आलं असेल तरच लोअर. गाडी शहरात आणि महामार्गावर चालणार असेल, तर कंपनीचे लोअर आर्म भरपूर मजबूत आहेत.

जिम्नीवाल्यांनी इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. जिम्नीच्या मागे प्रत्येक बाजूला एकच लांब आर्म असतो आणि तो हाउसिंगला दोन बुशांनी (सांध्यात बसणाऱ्या रबरी कड्यांनी) पकडतो. अपर-लोअर वेगवेगळे लांब-आखूड करून कोन बदलायची सोय तिथे नाही, त्यामुळे या लेखातला कोनाचा भाग त्या गाडीला तसाच्या तसा लागू होत नाही. स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्स यांच्या मागे पॅनहार्डऐवजी वॅट लिंकेज (हाउसिंग मधोमध धरून वर-खाली होऊ देणारी दांड्यांची जोडणी) आहे, म्हणून हाउसिंग आडवं सरकण्याचा भाग त्यांच्यासाठी सोडून द्या. बाकीचं लागू आहे.

उंची वाढली की काय सरकतं

आकडे सोपे जावेत म्हणून लोअर आर्मची लांबी ५०० मिलिमीटर धरू, आणि चॅसीकडच्या टोकापेक्षा हाउसिंगकडचं टोक ५० मिलिमीटर खाली आहे असं समजू. पायथागोरसने आडवं अंतर निघतं ४९७.५. गाडी ५० मिलिमीटर उचलली की तेच टोक १०० मिलिमीटर खाली जातं आणि आडवं अंतर होतं ४८९.९. म्हणजे हाउसिंग साडेसात मिलिमीटर पुढे ओढलं गेलं. बाजूने बघितलं तर चाक कमानीच्या मधोमध न दिसता पुढच्या बाजूला झुकलेलं दिसतं. आर्म आधीच जितका तिरका, तितकं हे सरकणं जास्त.

पॅनहार्डचंही तसंच. ९०० मिलिमीटरचा दांडा, टोकांत आधी ६० मिलिमीटरचा फरक आणि लिफ्टनंतर ११०, तर हाउसिंग पावणेपाच मिलिमीटर आडवं सरकतं. ते नेहमी पॅनहार्डचं बॉडीकडचं टोक ज्या बाजूला आहे त्या बाजूला सरकतं. एका बाजूचा टायर कमानीबाहेर जास्त डोकावतो तो यामुळेच. टेपने मोजल्यावर लगेच कळतं.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची. आर्म जास्त तिरके झाले की वळणावर बाहेरचं चाक दबतं, त्या बाजूचा आर्म आडवा होतो आणि चाकाला मागे ढकलतो. आतल्या बाजूचं चाक खाली लोंबतं आणि पुढे येतं. परिणाम असा, की पूर्ण हाउसिंग वळणाच्या बाहेरच्या दिशेला किंचित तोंड फिरवतं आणि गाडीची शेपटी बाहेर जाऊ बघते. पुणे–नाशिक रस्त्यावर ९० च्या वेगात पटकन लेन बदलताना मागचा भाग अंगावर आल्यासारखा वाटतो, तो हाच. आर्म लांब करून हे दुरुस्त होत नाही, कारण त्याने तिरकेपणा जात नाही. त्यासाठी चॅसीकडचं टोक खाली आणणारे ड्रॉप ब्रॅकेट लागतात. त्यांनी गाडी महामार्गावर पुन्हा शांत होते, पण ब्रॅकेट जितके खाली येतात तितकी त्या जागेची जमिनीपासूनची उंची कमी होते. बहुतेक काळ डांबरावर गाडी चालवणाऱ्याने हा सौदा जरूर करावा. दगडांत जाणाऱ्याने विचार करावा.

विकत घेण्याआधी मोजा

लिफ्ट बसवायच्या आधी मोजता आलं तर सोन्याहून पिवळं. लिफ्ट झाला असेल तर तशीच, मूळ अवस्थेतली गाडी असलेला दुसरा मालक शोधा आणि त्याच्या गाडीवर मोजा. गाडी सपाट फरशीवर हवी, चारही टायरमध्ये सारखी हवा, टाकी अर्धी, आत सामान नाही. गाडी दोन-चार फूट पुढे-मागे ढकलून स्प्रिंग मोकळ्या करून घ्या आणि हँडब्रेक सोडा. चाकांना फक्त ठोकळे लावा.

पहिलं माप : चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतची उभी उंची, चारही बाजूंना. दुसरं : पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंना. थारचं हे अंतर (व्हीलबेस) २४५० मिलिमीटर आहे. डावी-उजवीत एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर हाउसिंग तिरकं आहे. हे मोजायला गवंड्याचा ओळंबा उत्तम. चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने फुली करा, चार फुल्या झाल्या की गाडी बाजूला घ्या आणि फरशीवरच टेप लावा. गाडीखाली वाकून टेप ताणण्यापेक्षा हे कितीतरी अचूक. पुढच्या एका फुलीपासून मागच्या विरुद्ध बाजूच्या फुलीपर्यंत कर्णही मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत.

तिसरं माप कोनाचं. मोबाइलमधलं ॲप चालेल, पण चुंबक असलेलं छोटं डिजिटल कोनमापक अंशाच्या दहाव्या भागापर्यंत सांगतं आणि त्याची किंमत वाचलेल्या टायर बॅलन्सिंगच्या फेऱ्यांत वसूल होते. ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजच्या (शाफ्ट जोडायच्या चकतीच्या) सपाट तोंडावर, प्रोपेलर शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या फ्लँजवर असे तीन कोन घ्या. प्रत्येक दोनदा मोजा. कोण कुठल्या दिशेला झुकलंय ते कागदावर चित्र काढून लिहा, नुसता आकडा लिहिलात तर दुसऱ्या दिवशी दिशा विसराल.

शेवटी सध्याच्या पाचही दांड्यांची लांबी, बोल्टच्या मध्यापासून बोल्टच्या मध्यापर्यंत. आणि व्हर्नियरने ब्रॅकेटमधली फट व बोल्टचा व्यास. हे दोन आकडे विक्रेत्याला विचारायचे आहेत. नव्या बुशची रुंदी ब्रॅकेटच्या फटीपेक्षा कमी असेल तर बोल्ट आवळताना ब्रॅकेटचे कान आत वाकतात. स्लीव्हचं (बुशच्या आतल्या धातूच्या नळीचं) छिद्र बोल्टपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी मोठं असलं, तरी ब्रेक दाबला की ‘टक्’ असा आवाज आयुष्यभर सोबत करतो.

बुश

आर्मच्या किमतीतला मोठा भाग दोन टोकांवर खर्च होतो, आणि गाडी कशी चालेल हेही तिथेच ठरतं. पाइपपेक्षा बुशवर जास्त वेळ घालवा.

रबरी बुश शांत असतो. त्याला ग्रीस लागत नाही. मागचं एक चाक वर आणि एक खाली गेलं की आर्म नुसता वर-खाली होत नाही, स्वतःभोवती पिळतोही. रबर तो पीळ मुकाट सोसतं. पॉलियुरेथेन कडक असतो. जाहिरातीत ‘अचूक हाताळणी’ लिहितात आणि कारसारख्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण सलग हाउसिंगच्या गाडीत दोन्ही टोकांना पॉलि बुश घातले की पीळ जायला जागाच राहत नाही. सस्पेन्शन अडकतं, चाक हवेत राहतं, आणि ती सगळी ताकद ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर येते. वर पावसाळ्यानंतर किंचाळणं वेगळंच. दोन्ही टोकांना पॉलि असलेला आर्म थारच्या मागे मी कुणालाही सुचवणार नाही.

उघडा रॉड एंड म्हणजे नुसता धातूवर धातूचा गोळा. रेसच्या गाडीला ठीक, जिथे प्रत्येक फेरीनंतर तपासणी होते. कोकणातला चिखल आणि मराठवाड्यातली धूळ त्याला काही महिन्यांत सैल करते. चौथा प्रकार म्हणजे उघडून दुरुस्त करता येणारा गोल जॉइंट : आत स्टीलचा गोळा, भोवती कडक प्लास्टिकच्या वाट्या, बाहेर ग्रीसचं निपल आणि घट्ट करायला आटे. वाट्या झिजल्या की फक्त त्या बदलतात. घाटवाटा आणि शहर दोन्ही करणाऱ्यासाठी चॅसीच्या टोकाला रबर आणि हाउसिंगच्या टोकाला असा जॉइंट, ही जोडी मला सगळ्यात समतोल वाटते. आवाज आत कमी येतो आणि पीळही मोकळा जातो. घेताना विक्रेत्याला सरळ विचारा : वाट्यांचा संच सुटा मिळतो का, आज दुकानात आहे का? ‘मागवून देऊ’ म्हणाले, तर दुसरा आर्म बघा.

पाइप, आटे, वेल्डिंग

लोअर आर्म गाडीच्या सगळ्यात खालच्या भागांपैकी एक, दगडावर तो घासणारच. तिथे साधारण ५० मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ५–६ मिलिमीटर जाडीची भिंत असलेला विनाजोड पाइप हवा. अपर आर्मला एवढ्याची गरज नाही. चमकदार ॲल्युमिनियमचे आर्म हलके असतात, पण दगडावर आपटून पडलेल्या खाचेतून पुढे तडा जाऊ शकतो. स्टील आधी वाकतं, आणि वाकलेलं डोळ्यांना दिसतं.

आर्म हातात घेऊन वेल्डिंगची शिवण बघा. ती सलग, सारख्या रुंदीची हवी, कडेला पाइप खाल्ला गेलेला नको. पावडर कोटिंगच्या जाड थराखाली वाईट वेल्डिंग सहज लपतं, म्हणून जोडाभोवती कोटिंगचे फुगवटे असतील तर तो आर्म ठेवून द्या. किनाऱ्यावर राहत असाल तर कोटिंगखाली झिंकचा थर आहे का विचारा. नुसतं कोटिंग पहिल्या ओरखड्यानंतर सोलवटतं आणि खाली गंज पसरतो.

आट्यांचा नियम सोपा : आट्याच्या व्यासाच्या दीडपट तरी लांबी आत गुंतलेली हवी. २४ मिलिमीटरचा आटा असेल तर ३६ मिलिमीटर. चांगल्या आर्मवर एक छोटं तपासणीचं छिद्र असतं, त्यातून आटा दिसला पाहिजे. आटा जागेवर धरायला नुसता चेकनट (आटा फिरू न देणारा जास्तीचा नट) असतो किंवा पाइपला चीर देऊन बाहेरून क्लॅम्प. क्लॅम्पवाला सहजी सैल होत नाही, म्हणून थोडे जास्त पैसे गेले तरी तोच घ्या.

कायदा, विमा, वॉरंटी

हा भाग टाळू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच सांगितलं आहे. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि लेखी उत्तर मागा. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली बघतो, तेव्हा रंगीत आर्म लपत नाहीत. वॉरंटीतल्या गाडीचं सस्पेन्शन आणि प्रोपेलर शाफ्टही दावा नाकारला जाण्याच्या यादीत जाऊ शकतो. हे सगळं समजून मग निर्णय घ्या.

जोडणी

आदल्या रात्री सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. हाताशी हवं : टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना), लांब दांड्याचा पाना, दोन जॅक, दोन मजबूत घोड्या (गाडी टेकवून ठेवायचे स्टँड), एक रॅचेटवाला पट्टा, पेंट मार्कर. नायलॉनची कडी असलेले नट नवे घ्या, बोल्ट १०.९ ग्रेडपेक्षा कमी नको.

थारचा हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो. मागची चाकं उचलली की त्याचा उपयोग संपला. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. मग मागून गाडी उचला, घोड्या चॅसीखाली ठेवा आणि दुसरा जॅक हाउसिंगच्या मधल्या फुगीर गोळ्याखाली नुसता टेकवा. गाडीला हाताने जोरात हलवून बघा. ती हलली, तर पुन्हा बसवा. या कामात माणसं जखमी होतात ती इथे.

आता नवे आर्म जमिनीवर ठेवा आणि सुरुवातीची लांबी लावा. लिफ्टने हाउसिंग किती पुढे आलं हे मोजलेलं आहे, तेवढी वाढ लोअर आणि अपर दोन्हींना द्या. डावा आणि उजवा आर्म शेजारी ठेवून दोन्ही छिद्रांतून एकेक सरळ सळई घाला. सळया मोकळ्या सरकल्या तर लांबी सारखी. ही तपासणी टेपपेक्षा भरवशाची. डाव्या-उजव्या ब्रॅकेटमध्ये मीटरभर अंतर धरलं, तर साडेतीन मिलिमीटरच्या फरकाने हाउसिंग ०.२ अंश तिरकं होतं, आणि मग गाडी सरळ न्यायला स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं.

एका वेळी एकच आर्म सोडायचा. चार सोडले की हाउसिंग स्वतःच्या वजनाने फिरतं, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेकची नळी ओढली जाते. आधी डावा लोअर काढा, नवा घाला, बोल्ट हाताने घट्ट करा, मग उजवा लोअर. त्यानंतर अपर. बोल्ट छिद्रात येत नसेल तर हातोडी उचलू नका. हाउसिंगखालचा जॅक थोडा वर-खाली करा, नाहीतर हाउसिंग आणि चॅसीमध्ये रॅचेटचा पट्टा लावून दोन-तीन खटके ओढा, बोल्ट बोटाने सरकेल. पॅनहार्ड सगळ्यात शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना.

सगळे बोल्ट आत गेले, तरी अजून आवळायचे नाहीत. हे वाक्य दोनदा वाचा, कारण सगळ्यात जास्त बुश इथेच मरतात. रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही स्लीव्हना चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली स्लीव्ह ब्रॅकेटला पक्की होते आणि ती रबराची ‘शून्य’ स्थिती ठरते. चाकं हवेत लोंबत असताना आवळलं आणि मग गाडी खाली १०० मिलिमीटर बसली, तर ५०० मिलिमीटरच्या आर्मवर रबर कायमचं साडेअकरा अंश पिळलेलं राहतं. ते काही महिन्यांत फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकला, मागचा बंपर चार-पाच वेळा दाबा, आणि मग सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. शेवटचा टॉर्क इम्पॅक्ट गनने कधीच नाही.

कोन लावणे

आता पहिल्या दिवशीचा कागद काढा. आधी प्रोपेलर शाफ्टची रचना बघा. दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस असेल तर ट्रान्सफर केसचा शाफ्ट आणि पिनियन यांचे अक्ष समांतर हवेत. एक क्रॉस फिरताना वेगात जो चढ-उतार करतो, तो दुसरा क्रॉस उलट्या बाजूने भरून काढतो, पण दोन्हींचे कोन सारखे असतील तरच. चालत्या गाडीत फरक एका अंशाच्या आत हवा. ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी क्रॉस असलेला शाफ्ट बसवला असेल, तर गणित पूर्ण वेगळं : तेव्हा पिनियनचं नाक सरळ शाफ्टच्या रेषेत बघायला हवं. माझ्या गाडीवर गॅरेजवाल्याने पहिल्या प्रकारच्या शाफ्टला दुसरा नियम लावला होता.

एक बारकावा असा, की ॲक्सिलरेटर दाबला की चाकांच्या प्रतिक्रियेने पिनियनचं नाक थोडं वर चढतं. रबरी बुश असतील तर उभ्या गाडीत ते एक अंश, फार तर दीड अंश खाली ठेवा. मग चालत्या गाडीत ते बरोबर जागी येतं.

दिशा लक्षात ठेवायची युक्ती : अपर आर्म लांब केला की हाउसिंगचं डोकं मागे जातं आणि पिनियनचं नाक वर येतं. अपर आखूड, तर नाक खाली. लोअरचं उलटं. किती फेरे, हेही काढता येतं. हाउसिंगवरच्या अपर आणि लोअर बोल्टमध्ये उभं अंतर समजा २०० मिलिमीटर आहे, तर एका अंशाला साडेतीन मिलिमीटर. तीन अंश हवेत, म्हणजे साडेदहा मिलिमीटर. आट्याची चाल २ मिलिमीटर आणि आटा एकाच टोकाला असेल, तर सव्वापाच फेरे. अर्धा किंवा पूर्ण फेरा होईल तिथेच जॉइंट ब्रॅकेटमध्ये सरळ बसतो, म्हणून पाच किंवा साडेपाच करा आणि पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंना तितकेच फेरे.

कोन जमला की पॅनहार्ड. मागच्या दोन्ही टायरपासून चॅसीपर्यंतचं अंतर सारखं येईपर्यंत तो लांब करा, मग आवळा. त्यानंतर ओळंबा आणि खडू घेऊन फुल्या परत एकदा.

गाडी बाहेर काढण्याआधी एक चाक पूर्ण खाली सोडून आणि दुसरं जॅकने वर दाबून बघा, मग बाजू बदला. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जाते का, हँडब्रेकची केबल कुठे घासते का, आर्म इंधन टाकीला किंवा सायलेन्सरला लागतो का. प्रोपेलर शाफ्टच्या सरकत्या जोडावर पेंटची रेघ मारून ठेवा. पूर्ण खाली लोंबताना तो किती बाहेर येतो ते त्यावरून कळेल. बंप स्टॉप (चाक फार वर जाऊ न देणारा रबरी ठोकळा) चाक वर दाबल्यावर टायर कमानीला टेकण्याआधी लागतो की नाही, हेही बघा.

पहिली फेरी आणि पुढचे आवाज

रिकाम्या सरळ रस्त्यावर ४० पासून हळूहळू वेग वाढवा. थरथर आली तर त्याच वेगाला ॲक्सिलरेटर सोडा. थरथर लगेच बदलली तर दोष प्रोपेलर शाफ्टच्या कोनात आहे, तशीच राहिली तर टायरमध्ये. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल तर पिनियन बहुधा वर आहे, सोडल्यावर वाढत असेल तर खाली. एका वेळी अर्धा फेरा बदला आणि लिहून ठेवा. ब्रेक किंवा गिअर घेताना एकच ‘टक्’ येत असेल, तर आधी चेकनट, मग बोल्ट, मग स्लीव्हचा ढिलेपणा बघा. वळणावर कुरकुर येत असेल तर बुश कोरडा आहे.

चारचाकी अलाइनमेंट करून घ्या आणि मागची थ्रस्ट लाइन (मागची चाकं गाडीला ज्या दिशेला ढकलतात ती रेषा) किती आली ते छापील कागदावर मागा. बरीच दुकानं फक्त पुढची चाकं बघून सोडतात. सलग हाउसिंगला कॅम्बर-टो (चाकांचा उभा कल आणि तोंडाची दिशा) लावता येत नाही, पण थ्रस्ट लाइन आपल्या आर्मच्या लांबीवर ठरते, म्हणून तो आकडा हवाच. मागची उंची बदलली म्हणजे हेडलाइटचा झोतही हललेला असतो. तोही त्याच दिवशी लावून घ्या, समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा विचार करा.

१०० किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट आणि क्लॅम्प टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, मग ५०० ला, मग दर सर्व्हिसला. आवळलेल्या प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर जाणारी पेंट मार्करची रेघ मारली असेल, तर नंतर गाडीखाली नुसता टॉर्च फिरवला तरी कोणता नट हलला ते दिसतं. ग्रीसचं निपल असलेल्या जॉइंटना पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ग्रीस भरा. पाण्यातून गाडी काढली असेल तर त्याच आठवड्यात.

जुने आर्म भंगारात देऊ नका. त्यांना धुऊन, तेलाचा हात फिरवून, प्रत्येकाला डावा-उजवा, वरचा-खालचा आणि लांबी लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवा. त्यांच्यासोबत मोजमापाचा तो कागदही, लिफ्टच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच पानावर. गाडी विकताना, वॉरंटीचा प्रश्न आला तेव्हा, किंवा दूरच्या रस्त्यावर नवा जॉइंट तुटला आणि घरून कुणाला बसने आर्म पाठवायला सांगावं लागलं, तेव्हा नेमका कोणता पाठवायचा हे त्या चिठ्ठीवरूनच कळेल.